माळ घ्या, पण गुरं मे महिन्यात मोजा

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरकडचा माळ विकायला निघाला की एजंट तो आषाढात दाखवतात. ओढा तोंडोतोंड वाहत असतो, गवत गुडघ्याला लागत असतं. पुण्या-बेंगळूरची माणसं 'बारमाही पाणी' एवढं ऐकतात आणि विसार देऊन मोकळी होतात. तोच माळ मे महिन्यात बघितला असता तर निम्म्यांनी बांधावरूनच गाडी वळवली असती.

माझं सासर नंदगडच्या पुढं, माहेर निपाणीकडं. एका अंगाला मलप्रभेचं पावसाळी रान, दुसऱ्या अंगाला दूधगंगा-वेदगंगेचा ऊसपट्टा. दोन्हीकडच्या गुरांत माझा जन्म गेला, म्हणून नात्यातली पोरं जमीन घेताना मला फोन करतात. "आत्या, वीस एकर मिळायलंय. किती गुरं बसतील?" मी म्हणते, "वीस एकर राहू दे बाजूला. मे महिन्यात तिथं पाणी किती असतंय, ते बघून ये आधी." पोरांना हे रडगाणं वाटतं. पण गुरांचा धंदा करायचा तर सुरुवात इथूनच करायची.

आधी विहीर

वैशाखात जा. सोबत लांब दोरी, एक दगड आणि टेप घ्या. मालकाला पंप चालू करून विहीर उपसायला सांगा. "आज करंट नाही" म्हणाला तर थांबा. थ्री-फेज दिवसातून काही तास तरी येतेच, मग ती रात्री येऊ दे नाहीतर पहाटे. पाणी तळाला गेलं की पंप बंद करायचा, दोरीला दगड बांधून पातळी मोजायची आणि तासाभरानं पुन्हा मोजायची. विहीर ६ मीटर रुंदीची गोल असेल आणि तासात पाणी १० सेंटिमीटर चढलं, तर साधारण २,८०० लिटर आलं. तेवढंच तुमचं पाणी. विहीर काठोकाठ भरलेली दाखवतात ते साठलेलं असतं. ते एकदा उपसलं की संपलं, रोज कामाला येतो तो झरा.

आता खर्च बघा. मोठ्या जनावराला उन्हाळ्यात दिवसाला ४० ते ६० लिटर पाणी लागतं, दुभत्या संकरित गाईला त्याहून बरंच जास्त. वीस जनावरं धरली तर पिण्यालाच रोज १,००० लिटर, मार्च ते मे मिळून ९० हजार. गोठा धुणं, म्हशी अंघोळीला घालणं वेगळंच. कृषी होंडा, म्हणजे शेततळं, खणून पावसाचं पाणी साठवणार असाल तर वाफही हिशेबात धरा. कडक उन्हात दिवसाला ६-८ मिलिमीटर पाणी उडून जातं. तीन महिन्यांत अर्ध्या मीटरहून जास्त थर गेला. म्हणून होंडा पसरट नको, खोल हवा. आमच्या जांभ्याच्या रानात तळाला प्लास्टिकचा कागद अंथरल्याशिवाय तो टिकतच नाही. जांभा पाणी पितो लवकर आणि सोडतोही लवकर. दिवाळीत खळखळणारा झरा शिमग्याला ओलसर डाग होऊन राहिलेला असतो.

आणखी एक, विकणाऱ्याला पाण्याचं काही विचारू नका. खालच्या वस्तीवर घागर भरणारी बाई असते, तिला विचारा. कुठल्या महिन्यापासून ती लांबच्या विहिरीवर जाते, हे ती बोटावर मोजून सांगते.

मग कागद

इकडं कर्नाटकात जमिनीचा उतारा कन्नडात येतो. वाचता येत नसेल तर वाचणारा शेजारी बसवा, पण एकेका रकान्यावर बोट ठेवून विचारा. तिसऱ्या रकान्यात क्षेत्र असतं आणि तिथंच 'खराब' लिहिलेलं असतं. 'अ' खराब म्हणजे पिकाला नालायक, खडकाळ. 'ब' खराब म्हणजे ओढा, वाट असली सार्वजनिक वापराची जागा. ती मालकाची नव्हेच, तर तो विकणार कशी? तरी बोलताना सगळे तेही धरून 'वीस एकर' सांगतात. खराब वजा करा, मग एकराचा भाव बोला. नवव्या रकान्यात मालक, अकराव्यात बोजा आणि इतर हक्क, बाराव्यात कसणारा. नवव्यातलं आणि बाराव्यातलं नाव वेगळं असेल तर त्या कसणाऱ्याच्या घरी जाऊन चहा पिऊन या, सगळं कळतं. मोबाइलवर दिशांक नावाचं सरकारी ॲप आहे, रानात उभं राहिलं की आपण कुठल्या सर्वे नंबरात आहोत ते त्यात दिसतं. ते मोजणीच्या जागी चालत नाही, पण एजंटानं भलताच तुकडा दाखवला असेल तर तिथल्या तिथं उघडं पडतं.

२०२० च्या दुरुस्तीनंतर कर्नाटकात बिगरशेतकऱ्यालाही शेतजमीन घेता येते, त्यामुळं तो अडसर गेला. पण स्वस्तातला माळ बऱ्याचदा सरकारनं अनुसूचित जाती-जमातीच्या कुटुंबाला दिलेला असतो. १९७८ च्या कायद्यानं अशी जमीन सरकारच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. घेणाऱ्याकडून ती काढून मूळ कुटुंबाला परत देतात, आणि ते बरोबरच आहे. जमीन मूळची कशी आली, हे जुन्या फेरफारात सापडतं. भावांनी सह्या केल्या म्हणून निर्धास्त राहू नका, बहिणींच्या सह्या बघा. २००५ पासून मुलीला वडिलोपार्जित जमिनीत मुलाइतकाच वाटा आहे. 'तिचं काही म्हणणं नाही' असं भाऊ सांगतात. तिचं म्हणणं तिच्याच तोंडून ऐका.

आता पाण्याचे हक्क. लोक सगळ्यात कच्चे इथंच असतात. ओढा तुमच्या बांधाला लागून वाहतो म्हणून तो तुमचा होत नाही. गुरांना पाजायला, बेताचं वापरायला तुम्हाला मिळतं, पण बांध घालून खालच्याचं पाणी तोडलं की भांडण उभं राहतं आणि त्यात तुम्ही हरता. नदी-कालव्यातून पंपानं उचलायचं तर पाटबंधारे खात्याची परवानगी लागते. परवानगी असली तरी उन्हाळ्यात पाणी पिण्यासाठी राखायचं ठरलं की नदीकाठचे पंप बंद करायचे आदेश निघतात. निपाणी-चिकोडीकडं तर वरच्या धरणातून पाणी कधी सुटतं याकडंच डोळे लागलेले असतात. त्या पाण्याच्या भरवशावर दुभती जनावरं बांधू नका.

विहीर सामाईक असेल तर तुमचा हिस्सा किती, पाळी कुठल्या वाराची, किती तासांची, पाइप कुणाच्या रानातून जातो, हे सगळं खरेदीपत्रात लिहून घ्या. 'आमच्यात तसं काही नाही, सगळे एकच आहोत' हे वाक्य विकणाऱ्या पिढीपुरतं खरं असतं. पाण्यावर जायच्या वाटेचंही तसंच. दुसऱ्याच्या रानातून गुरं नेण्याची वहिवाट विनातक्रार, उघडपणे, हक्कानं २० वर्षं चालली असेल तर कायद्यानं तो हक्क ठरतो. वाट सरकारी जमिनीतून असेल तर ३० वर्षं लागतात. पण कोर्टात शाबीत करत बसण्यापेक्षा सर्वे नंबर, वाटेची रुंदी आणि दिशा खरेदीपत्रात आलेली बरी. गुरांच्या वाटेला पायवाट चालत नाही. दोन शिंगाळ जनावरं समोरासमोर आली तर निघून जातील एवढी रुंदी पाहिजे.

पंपाच्या वीज कनेक्शनचा आर.आर. नंबर मालकाच्या नावावर आहे की त्याच्या मयत आज्ज्याच्या, ते बघा आणि खरेदीबरोबरच हेस्कॉम या वीज कंपनीकडं नाव बदलायचा अर्ज घाला. दहा अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपाला राज्यात वीज फुकट आहे, पण कनेक्शन दुसऱ्याच्या नावावर असेल तर जळालेल्या ट्रान्सफॉर्मरसाठी भांडायलाही तुम्ही कुणी नसता. बोअर मारणार असाल तर २०११ च्या भूजल कायद्याखाली तुमच्या तालुक्याला काय नियम आहे ते आधी विचारा. कोरडी गेलेली बोअर त्याच दिवशी झाकणानं बंद करा.

गोमाळाबद्दल गावोगाव गैरसमज आहे. आपण गायरान म्हणतो ते कन्नडात गोमाळ. कर्नाटकच्या नियमात दर १०० जनावरांमागं १२ हेक्टर, म्हणजे सुमारे ३० एकर, गोमाळ राखायला सांगितलंय. एका जनावराच्या वाट्याला आले १२ गुंठे! तिथं गुरं पाय मोकळे करतील, पोट भरणार नाही. शिवाय गोमाळ फक्त त्या गावच्या गुरांसाठी. तुम्ही बेळगावात राहून तिथं चाळीस गाई आणून सोडल्या तर गाव कोंडवाडा दाखवेल. एजंट 'शेजारी पन्नास एकर गोमाळ फुकट' म्हणाला तर ते हिशेबात शून्य धरा. आणि त्यातला कोपरा कुंपणात ओढू नका. गायरानावरची अतिक्रमणं काढा, असं सुप्रीम कोर्टानं २०११ मध्ये सगळ्या राज्यांना सांगितलंय.

किती गुरं

गावठी गाय साधारण ३०० किलोची. तिला दिवसाला सुमारे ८ किलो सुका चारा लागतो, वर्षाला २,९०० किलो. आमच्याकडच्या साध्या, न सुधारलेल्या माळावर एकरी ८०० किलो सुकं गवत निघालं तर चांगलं म्हणायचं, आणि त्यातलं निम्मंच गुरांना खाऊ द्यायचं. निम्मं मुळाला आणि बियाला ठेवलं नाही तर तिसऱ्या वर्षी तिथं गाजरगवत आणि रानमोडी उगवते. म्हणजे एकरी ४०० किलो. नुसत्या चराईवर वर्षभर जगवायचं तर एका गाईला सात एकर लागले. वीस एकरात गाई बसल्या तीन.

पोरं इथं फोन ठेवतात.

ठेवू नका, पुढचं ऐका. पाण्याखाली एक एकर नेपियर चांगलं जोपासलं तर वर्षाला ६० टन ओला चारा सहज निघतो, सुका धरला तर १२ टन. चार गाईंचं वर्ष निघालं. पाण्याखालचा एक एकर अठ्ठावीस एकर माळाच्या बरोबरीचा ठरतो, आणि विहिरीचा झरा मोजायला मी आधी पाठवते ते याचसाठी. मग माळ कशाला? आषाढ ते कार्तिक चराई स्वस्त पडते, गुरांचे पाय-खूर बळकट राहतात, गाय माजावर आलेली लवकर कळते. चराईचे पाचच महिने धरले तर जनावराला तीन एकर पुरतात. वीस एकरातले दोन एकर पाण्याखाली, गोठा-वाट-ओढा सोडून पंधरा एकर माळ, आणि पाच गाई-म्हशी पाडी-वासरांसकट. सुरुवातीला एवढंच. याहून जास्त बांधली तर चारा विकत आणायची तयारी ठेवा, आणि तो विकतचा चारा किती हे आधीच लिहून काढा.

कुठली गुरं? खानापूरच्या पावसात एच.एफ., म्हणजे काळी-पांढरी विलायती गाय, चरायला सोडणं म्हणजे डॉक्टरला महिना लावून देणं. ती गोठ्यात बांधायची गाय. माळावर गावठी गाय, नाहीतर धारवाडी किंवा पंढरपुरी म्हैस. अथणी-चिकोडीच्या कोरड्या रानात खिल्लार. कृष्णा खोऱ्याची जात आता फार थोडी उरली आहे, ती हौस असेल तर जरूर पाळा, दुधाच्या हिशेबात मात्र धरू नका.

डोण कुठं ठेवायची

गुरांना ओढ्यात उतरवून पाजू नका. भातखाचरांच्या, पाणथळ भागात गोगलगायींमधून यकृतातला चपटा कृमी गुरांत जातो. जनावर खंगत जातं आणि जबड्याखाली पाण्याची पिशवी लोंबते. जळवा वेगळ्याच. पाणी वर उचलून डोणीत, म्हणजे गुरांच्या पाण्याच्या हौदात घ्या.

डोण उंचवट्यावर पाहिजे, सखल जागी ठेवली की आठ दिवसांत भोवती चिखलाचा राडा होतो आणि खुरं सडतात. चारी बाजूंनी दोन-दोन मीटर दगडी फरशी करा, दगडांच्या फटीत सिमेंट भरा. काठ जमिनीपासून दोन फुटांवर ठेवा म्हणजे वासराचंही तोंड पोचतं. पाणी येणाऱ्या पाइपला बॉल-व्हॉल्व्ह लावा आणि त्यावर जाळीचा पिंजरा बसवा, नाहीतर म्हैस खाजवून तो मोडते. आतून चुना मारायचा, शेवाळ कमी धरतं, आणि दर पंधरवड्याला डोण रिकामी करून घासायची. उतू जाणारं पाणी वाया न घालवता खाली नेपियरला वळवा. एक डोण गोठ्याजवळ आणि एक माळाच्या पलीकडच्या टोकाला, अशा दोन पाहिजेत. पाणी एकाच ठिकाणी असलं की गुरं तिथल्याच दहा गुंठ्यांतलं गवत मुळापर्यंत खातात आणि लांबचं गवत जून होऊन वाळतं.

कुसळ धरायच्या आत

माळाचे चार तुकडे करा, गुरं फिरवत ठेवा. गवत चार बोटांच्या खाली गेलं की पुढच्या तुकड्यात. पहिल्या पावसाबरोबर गुरं सोडायची घाई नको. कोंब जरा धरू द्या, ज्येष्ठी पौर्णिमेचा कर्नाटकी बेंदूर होऊन जाऊ द्या.

आमच्या माळावर मारवेल, पवना ही चांगली गवतं आहेत आणि कुसळीही भरपूर. कुसळी कोवळी असताना गुरं आवडीनं खातात. बी धरलं की तिच्या टोकाला सुईसारखं अणकुचीदार बी आणि मागं लांब शेपटी येते. ओल लागली की त्या शेपटीचा पीळ उलगडतो, सुकली की पुन्हा बसतो, आणि तसं बी कातडीत, हिरड्यांत घुसत जातं. जनावर चारा सोडून नुसती लाळ गाळत उभं राहिलं तर तोंड उघडून हिरडीवरून बोट फिरवा, कुसळं हाताला लागतात. म्हणून कुसळी फुलोऱ्यात असतानाच कापायची. दसऱ्याच्या आसपास आकाश उघडलं की दोन दिवस उन्हात पसरून गंजी रचायची. उशीर झालेलं गवत दिसायला पुष्कळ दिसतं, पण त्यात काडीशिवाय काही नसतं.

बाहेरचा वणवा आत येऊ नये म्हणून जानेवारीत माळाच्या कडेनं जाळपट्टा काढून घ्या. 'वणवा लावला की गवत चांगलं येतं' असं म्हणणारा प्रत्येक गावात एक असतो. कोंब हिरवे दिसतात खरे, पण चांगली गवतं कमी होत जातात आणि कुसळी तेवढी माजते. टणटणी दिसेल तिथं मुळासकट खणून काढा. ती खाल्लेलं जनावर उन्हात उभं राहिलं की कातडी सोलवटते.

दिवाळीनंतर कारखाने सुरू होतात आणि ऊसाचं वाडं, म्हणजे शेंड्याचा हिरवा पाला, स्वस्तात मिळतं. माहेरी ते चार-पाच महिने गुरांपुढं वाडंच असायचं. वाड्यातलं ऑक्झॅलिक आम्ल अंगातलं कॅल्शियम बांधून टाकतं. गाय पातळ शेण टाकते, उलटत राहते, विताना बसते. वाडं निम्म्याहून जास्त नको. तेही कुट्टी करून, सुकवून, चुन्याची निवळी शिंपडून, आणि रोज ५० ग्रॅम खनिज मिश्रण वेगळं. भाताचं पिंजर नुसतं घालण्यापेक्षा १०० किलोला ४ किलो युरिया ५० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून शिंपडा, ताडपत्रीखाली घट्ट दाबून २१ दिवस ठेवा. उघडल्यावर वास उडू द्या, मग थोडं थोडं लावा. सहा महिन्यांच्या आतल्या वासरांना अजिबात नाही. आणि युरियाचं पाणी उघडं ठेवू नका, जनावर प्यालं तर वाचत नाही.

डॉक्टर, जंगल, दूध

घटसर्प आणि फऱ्याची लस पावसाच्या आधी, लाळ्या-खुरकूत दर सहा महिन्यांनी. २०२२ ची लम्पी आठवत असेल तर ती लस कुणी चुकवणार नाही. कानात बारा आकडी बिल्ला मारून घ्या, त्याशिवाय पुढं काहीच हलत नाही. भीमगड अभयारण्याच्या पाच किलोमीटरच्या आत असाल तर लसीकरणाची जबाबदारी वनखात्यावरही आहे, त्यांना ती आठवण करून द्या. रात्री वासरं माळावर ठेवू नका. बिबट्यानं मारलंच तर पंचनामा होईपर्यंत ते जागचं हलवू नका, भरपाई त्यावरच मिळते.

दूध सहकारी दूध संघाच्या डेअरीला घातलं तर राज्य सरकारचं लिटरमागं ५ रुपयांचं प्रोत्साहन खात्यावर येतं, उशिरानं का होईना. सीमेपलीकडची गाडी कधी कधी दर जास्त देते. दोन्ही दर लिहून, ते ५ रुपये मिळवून मग ठरवा.

विकायचं कधी

हे घेण्याच्या आधीच कळलं पाहिजे. २०२० च्या कायद्यानं कर्नाटकात गाय, बैल, वळू कापायला बंदी आहे, म्हैसही तेरा वर्षांच्या आतली नाही. म्हातारी गाय आणि नको असलेला गोऱ्हा तुमच्या दावणीलाच राहणार, त्यांचा चारा-पाणी हिशेबात धरा. गोऱ्हे कमी हवेत तर कालवडच व्हावी म्हणून निवडलेल्या वीर्याची कांडी दवाखान्यात मिळते का विचारा, महाग पडते पण पहिलटकरणीला ती वापरण्यासारखी आहे. कोल्हापूर-सांगलीचा गिऱ्हाईक आला तर त्याची गाडी भरू देण्याआधी परवानगीचे कागद, डॉक्टरचा दाखला आणि बिल्ल्याचा नंबर जुळलेला पाहिजे. एका ट्रकात सहाच्या वर मोठी जनावरं चालत नाहीत. सीमेवर अडकली तर विकणाऱ्यालाही बोलावतात.

आणि विकायची ती माघात विका, चिंचलीच्या मायाक्काच्या जत्रेच्या सुमाराला. तेव्हा गुरांच्या अंगावर गवताचं तेज असतं आणि गिऱ्हाइकाकडं वैरण असते. गंजी किती उरली, विहीर तासाला किती चढते, दोन्ही तेव्हाच पुन्हा मोजा आणि मेपर्यंत जेवढी पोसतील तेवढीच दावणीला ठेवा. चैत्र उलटल्यावर सगळेच विकायला निघतात, मग माघातला भाव मागितला तर दलाल हसतो.